मोगरा आणि व्हॅनिलाची खुशबू: संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी कमी पैशांत चांगलं परफ्यूम कसं निवडाल?

लग्नसराई आली की आपल्या घरांत खरेदीची यादी तयार होते. निकाहचा जोडा, वलीम्याचा जोडा, चपला, बांगड्या, आणि या सगळ्यांच्या शेवटी एक ओळ असते: 'सेंट'. यादीत ही ओळ शेवटी येते, त्यामुळे तिच्यासाठी पैसेही उरलेसुरलेच असतात. मग बाजारात जाऊन मोठ्या परदेशी नावाची, चकचकीत खोक्यातली बाटली चारशे रुपयांत आणली जाते. दुकानदार म्हणतो, "फर्स्ट कॉपी आहे, कुणाला कळणार नाही." बरीत ती बाटली सगळ्यांना दिसेल अशी मांडली जाते. वलीम्याच्या रात्री नवरीच्या मानेवर लाल पुरळ उठतं किंवा तासाभरात वास उडून जातो, आणि कुणी काही बोलत नाही, कारण बाटलीवरचं नाव मोठं असतं.

मी शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलींच्या गप्पांमध्ये आजकाल 'व्हॅनिला परफ्यूम' हा शब्द सारखा ऐकू येतो. मोबाइलवर रोज नवी बाटली दिसते. मुली विचारतात, "टीचर, हे खरंच व्हॅनिलाचं असतं का? इतकं स्वस्त कसं मिळतं? इतकं महाग का असतं?" प्रश्न चांगले आहेत. त्यांची उत्तरं आयांनाही उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

फुलं आणि व्हॅनिला एकत्र का येतात?

पांढऱ्या फुलांची खुशबू आपल्याला नवी नाही. मोगरा, जाई, चमेली, निशिगंध ही फुलं आपल्या दारात, गजऱ्यात, दर्ग्याच्या चादरीवर असतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातले शेतकरी मोगरा पिकवतात आणि तो मुंबईत दादरच्या फूलबाजारात येतो. मदुराईच्या मोगऱ्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मोगऱ्याची कळी दिवसा तोडतात आणि ती संध्याकाळी उमलते. त्याची खुशबू अंधार पडल्यावरच सगळ्यात जास्त येते. म्हणजे संध्याकाळ ही या फुलाची स्वतःची वेळ आहे.

या फुलांच्या वासात अनेक रेणू असतात. त्यातला एक आहे इंडोल. तो एकटा आणि जास्त प्रमाणात घेतला तर वास नकोसा असतो, डांबरगोळ्यांची आठवण करून देणारा. पण अगदी थोडा असला की फुलाला 'जिवंतपणा' येतो. बंद खोलीत खूप मोगरा ठेवला की काही लोकांचं डोकं जड होतं. पांढऱ्या फुलांच्या या तीव्रतेला मऊ करायला काहीतरी गोड, गोलसर लागतं. ते काम व्हॅनिला करतो. चहा कडक झाला की आपण दूध वाढवतो, तसंच काहीसं.

दुसरं कारण टिकण्याचं आहे. कोणतंही परफ्यूम एका दमात उडून जात नाही, ते तीन टप्प्यांत उघडतं. लिंबू, संत्रं, नाशपातीसारखे हलके वास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जातात. त्यानंतर फुलं येतात आणि ती दोन-तीन तास राहतात. शेवटी जे अंगावर, कपड्यावर उरतं तो पाया. व्हॅनिला पायातला आहे. तो इतका सावकाश उडतो की कागदी पट्टीवर लावला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वास येतो. म्हणून 'फ्लोरल व्हॅनिला' परफ्यूममध्ये सुरुवातीला फळ, मध्ये फूल आणि शेवटी व्हॅनिला अशी मांडणी बहुतेक वेळा दिसते.

आणि संध्याकाळच का? उष्णतेत वास लवकर आणि जोरात उडतो. मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या उन्हात किंवा कोकणातल्या घामट हवेत गोड व्हॅनिला चिकट वाटतो, आजूबाजूच्यांना मळमळही होऊ शकते. सूर्य मावळल्यावर हवा जरा थंड झाली की तोच वास हळूहळू, छान पसरतो. पावसाळी संध्याकाळ आणि हिवाळा हे व्हॅनिलाचे खरे दिवस.

व्हॅनिला: एका मुलाच्या हातांनी जगभर पोहोचलेली खुशबू

व्हॅनिला हे एका ऑर्किड वेलीच्या शेंगेतून मिळतं. वेल मूळची मेक्सिकोच्या बाजूची. तिचं फूल एकच दिवस उमलतं, आणि मेक्सिकोबाहेर नेलं तर आपोआप शेंग धरत नव्हतं. 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका बारीक काडीने आणि अंगठ्याने फुलाचं परागीकरण करून दाखवलं. आजही व्हॅनिलाचं फूल न् फूल बहुतेक याच पद्धतीने, हातानेच फळवलं जातं. ज्या मुलामुळे हा व्यापार उभा राहिला तो पुढे गरिबीतच मेला. मुलींना हे सांगितलं की वर्ग गप्प होतो.

शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. मग ती गरम पाण्यातून काढणं, घाम आणणं, उन्हात वाळवणं असं आणखी काही महिने चालतं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार व्हॅनिला निघतो. आज सर्वांत जास्त पीक मादागास्करमध्ये होतं. आपल्याकडे केरळ आणि कर्नाटकात थोडी लागवड आहे. एवढी मेहनत असल्यावर खरा व्हॅनिला स्वस्त कसा असेल?

मग दोन-पाचशे रुपयांच्या बाटलीत काय असतं? त्यात असतं व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या वासातला हा मुख्य रेणू. 1858 मध्ये फ्रान्सच्या निकोला गोब्ले यांनी तो शेंगेतून वेगळा काढला. 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तो शेंगेशिवाय तयार केला. पुढे लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलपासून, लाकडातल्या लिग्निनपासून आणि पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या पदार्थांपासूनही तो बनू लागला. त्याचा भाऊ इथाइल व्हॅनिलिन वासाला साधारण तिपटीने तेज आहे. आइस्क्रीम, बिस्किटं, केक यांतही बहुतेक हेच असतं.

म्हणून कुणी कृत्रिम व्हॅनिलाला 'नकली' म्हणून नाक मुरडलं तर घाबरू नका. परफ्यूमच्या जगातली मोठमोठी नावं याच रेणूवर उभी आहेत. गेरलां या फ्रेंच घराण्याने 1889 मध्ये 'जिकी' या परफ्यूममध्ये कृत्रिम व्हॅनिलिन वापरलं. त्याच घराण्याने 1925 मध्ये लोकांसमोर आणलेल्या परफ्यूमचं नाव होतं 'शालिमार'. हे नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून घेतलेलं. त्यात चमेली, गुलाब आणि भरपूर इथाइल व्हॅनिलिन आहे. आज ज्याला आपण संध्याकाळचं फ्लोरल व्हॅनिला म्हणतो, त्याची मोठी परंपरा इथून सुरू होते. पॅरिसच्या बाटलीवर जहांगीर-शाहजहानच्या बागेचं नाव, हे वाचून आपल्या मुलींना गंमत वाटते.

फुलांचंही असंच आहे. चमेलीचा एक किलो शुद्ध अर्क काढायला शेकडो किलो फुलं लागतात. कन्नौजला डेग आणि भपक्याने काढलेलं, चंदनाच्या तेलात उतरवलेलं खरं मोगऱ्याचं अत्तर दहा मिलीला हजारोंच्या घरात जातं. त्यामुळे शंभर रुपयांत 'असली मोगरा' मिळणार नाही. शंभर रुपयांत जे मिळतं ते मोगऱ्यासारखा वास देणारं मिश्रण असतं. ते वाईटच असतं असं नाही. फक्त ते 'असली' म्हणून विकू नये आणि आपणही तसं समजून घेऊ नये.

आपल्या लोकांचा या धंद्यातला हात

खुशबूचा व्यापार आणि मुसलमान हे नातं जुनं आहे. त्यातली दोन नावं मुंबई-कोकणाशी जोडलेली आहेत. आसामच्या होजाईचे हाजी अजमल अली 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि उदाच्या व्यापारातून 'अजमल' उभं राहिलं. पुढे ते दुबईला पोहोचलं. 1979 मध्ये दुबईत 'रसासी' सुरू करणारे होते अब्दुल रज्जाक काळसेकर. हे आडनाव कुठलं, ते कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आज आखातातल्या कंपन्यांनी परफ्यूमचा बाजार बदलून टाकला आहे. संयुक्त अरब अमिरातीतल्या 'लताफा' कंपनीचं 2020 मध्ये आलेलं 'यारा' हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात सुरुवातीला ऑर्किड, हेलिओट्रोप आणि संत्र्यासारखं फळ, आणि शेवटी व्हॅनिला, मस्क, चंदन अशी मांडणी कंपनी सांगते. म्हणजे अगदी आपला विषय: फुलं आणि व्हॅनिला. युरोपातल्या मोठ्या ब्रँडच्या तुलनेत त्याची किंमत कितीतरी कमी असते. दुबई, कतार, कुवेतहून येणाऱ्या मामू-चाचांच्या बॅगेतून अशा बाटल्या आपल्या घरांत आधीपासून येतच होत्या. आता त्या ऑनलाइन आणि शहरातल्या दुकानांतही मिळतात. लोकप्रिय झालं की त्याचीही नक्कल निघते, हेही लक्षात ठेवा.

'मिळताजुळता वास' आणि 'फर्स्ट कॉपी' यात फरक आहे

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण फसवणूक इथेच होते.

कोणत्याही परफ्यूमचा नमुना प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रात घातला की त्यात कोणकोणते रेणू आहेत आणि साधारण किती आहेत ते कळतं. त्यावरून मिळताजुळता वास तयार करता येतो. अशी बाटली कंपनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यासह विकत असेल तर तो तिचा धंदा आहे. उदाहरणार्थ, 2014 मध्ये आलेलं 'ब्लॅक ओपियम' हे कॉफी, पांढरी फुलं आणि व्हॅनिलाचं प्रसिद्ध परफ्यूम. त्याच्या धर्तीवरची कितीतरी परफ्यूम वेगवेगळ्या नावांनी बाजारात आहेत. ती घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

'फर्स्ट कॉपी' म्हणजे दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा लोगो, दुसऱ्याचा खोका वापरून केलेली नक्कल. ती ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट बघा. ज्या माणसाने बाटलीवर स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, त्याला आत काय भरलं याची जबाबदारी घ्यायची नाही. उद्या तुमच्या मुलीच्या मानेवर पुरळ आलं तर तुम्ही कुणाला विचारणार? खोक्यावर पॅरिसचा पत्ता आहे आणि माल कुठल्या तरी गोदामात भरलेला आहे.

आणि बरीत मांडण्यासाठी म्हणून जर अशी बाटली घेतली जात असेल, तर त्यावरही एकदा घरात बोललं पाहिजे. नव्या सुनेला पहिली भेट म्हणून खोटं नाव लिहिलेली वस्तू द्यायची, ही गोष्ट मनाला पटते का? तिच्याऐवजी साध्या कंपनीची, खऱ्या नावाची तीस मिलीची बाटली दिली तर कुणाची इज्जत कमी होत नाही. ज्या नातेवाइकांना बाटलीच्या नावावरून घराची लायकी ठरवायची आहे, त्यांच्यासाठी आपण किती खर्च करायचा हेही ठरवायला हवं.

बाटलीवर काय वाचावं?

दुकानात वास घेण्याआधी खोका उलटा करा. पुढच्या गोष्टी दिसल्या पाहिजेत:

• बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. भारतात बनलेलं असेल तर उत्पादन परवाना क्रमांक.
• बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार आयात मालाची नोंदणी बंधनकारक आहे.
• बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते.
• किती मिली आहे आणि सर्व करांसह एमआरपी.
• ग्राहक तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल.

बॅच क्रमांक खोक्यावर आणि बाटलीच्या तळाशी सारखाच असायला हवा. स्पेलिंगच्या चुका, वाकडं चिकटवलेलं लेबल, सैल झाकण, 'एमआरपी 4999' छापून पाचशेला विक्री, या सगळ्या धोक्याच्या खुणा आहेत. बिल मागा. बिल देत नसेल तर तिथून घेऊ नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाबद्दलची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

एक खूण मात्र उलटी आहे. द्रव पिवळसर किंवा तपकिरी झालेला दिसला की लोकांना वाटतं माल खराब आहे. व्हॅनिलिन हवा आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होतं, त्यामुळे व्हॅनिला जास्त असलेल्या चांगल्या परफ्यूमचाही रंग काळानुसार गडद होतो. रंगावरून निर्णय करू नका, वासावरून करा. वास आंबट, तेलकट झाला असेल तर ते टाकून द्या.

स्वस्त म्हणजे किती? हिशोब करून बघू

बाटलीची किंमत आणि वापराची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबलवरच्या शब्दांचा अर्थ असा: 'पार्फम' म्हणजे सुगंधी तेलांचं प्रमाण साधारण 20 ते 30 टक्के, 'ओ द पार्फम' म्हणजे 15 ते 20, 'ओ द तॉयलेट' म्हणजे 5 ते 15. बॉडी मिस्टमध्ये ते जेमतेम दोन-तीन टक्के असतं. कंपनीनुसार यात थोडा फरक पडतो.

आता गणित. एका फवाऱ्यात अंदाजे 0.1 मिली बाहेर पडतं असं धरू.

समजा 50 मिलीचं ओ द पार्फम 700 रुपयांना आहे. त्यात सुमारे 500 फवारे. एका संध्याकाळी चार फवारे पुरतात, म्हणजे 125 संध्याकाळी. एका वेळचा खर्च 5 रुपये 60 पैसे.

समजा 100 मिलीची बॉडी मिस्ट 250 रुपयांना आहे. सुमारे 1000 फवारे. पण ती लवकर उडते, त्यामुळे एका कार्यक्रमात दोनदा मिळून वीस फवारे जातात. म्हणजे 50 संध्याकाळी, एका वेळचा खर्च 5 रुपये.

समजा 6 मिलीचं रोल-ऑन अत्तर 150 रुपयांना आहे आणि एका वेळी 0.1 मिली लागतं. म्हणजे 60 संध्याकाळी, एका वेळचा खर्च अडीच रुपये.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून हाच हिशोब करा. सातवीच्या मुलीलाही तो करता येतो, तिच्याकडूनच करून घ्या. बरेचदा लक्षात येतं की 'स्वस्त' मिस्ट फार स्वस्त पडत नाही आणि छोटं रोल-ऑन सगळ्यात परवडतं. वर्षातून चार-पाच कार्यक्रमच असतील तर मोठी बाटली घेण्यात अर्थ नाही. ती संपायच्या आत वास बदलून जाईल.

अल्कोहोल आणि बाहेर लावण्याचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न येतोच, म्हणून स्पष्ट लिहिते. फवाऱ्याच्या परफ्यूममध्ये बहुतेक इथाइल अल्कोहोल असतं. लेबलवर ते 'अल्कोहोल डीनॅट' असं लिहिलेलं दिसतं. डीनॅट म्हणजे त्यात कडू किंवा इतर पदार्थ मिसळून ते पिण्यालायक ठेवलेलं नसतं. ते अंगावरून काही क्षणांत उडून जातं आणि त्याच्यासोबत वास हवेत पसरतो. अशा परफ्यूमबद्दल उलमांची मतं एकसारखी नाहीत. काहींनी ते वापरायला परवानगी दिली आहे, काहीजण टाळायला सांगतात. तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना विचारा. ज्यांना टाळायचं आहे त्यांच्यासाठी तेलावरचं अत्तर आणि 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेली परफ्यूम आहेतच.

दुसरी बाब. बाईने परक्या पुरुषांमध्ये दरवळेल अशी खुशबू लावून जाऊ नये, अशी ताकीद देणारी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. त्यामुळे अनेक घरांत मुली-बायका घरात किंवा हॉलमध्ये जनान्यात पोहोचल्यावरच अत्तर लावतात. यासाठीही रोल-ऑन सोयीचं. पर्समध्ये मावतं, अंगाजवळ राहतं, खोलीभर पसरत नाही. तेलावरचा व्हॅनिला तर तसाही फवाऱ्यापेक्षा शांत असतो.

लावण्याची पद्धत

वास घेताना कागदाच्या पट्टीवर लावून सुरुवात करा, पण निर्णय पट्टीवर करू नका. मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. दहा मिनिटांनी, तासाभराने आणि चार तासांनी वास घ्या. आवडलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. पहिल्या दोन मिनिटांचा गोड वास ऐकून पैसे देऊ नका. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेतले की नाक थकतं. दुकानदार कॉफीच्या बिया पुढे करतात, पण दाराबाहेर जाऊन मोकळी हवा घेतली तरी तेवढंच काम होतं.

ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबावं. फुलांच्या खुशबूतले लिनालूल, जेरानिऑलसारखे घटक काही लोकांना चालत नाहीत. 'नैसर्गिक' अत्तरातही हेच घटक असतात, त्यामुळे नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं समजू नका. ही चाचणी वलीम्याच्या आदल्या आठवड्यात करा, त्या दिवशी नको.

लावताना अंग कोरडं असेल तर आधी बिनवासाचं व्हॅसलिन किंचित चोळा, वास जास्त टिकतो. मनगटं एकमेकांवर घासायची गरज नाही. कानामागे, मनगटावर, कोपराच्या आत, एवढं पुरे. पांढऱ्या किंवा फिक्या दुपट्ट्यावर व्हॅनिलाचं परफ्यूम थेट मारू नका, पिवळसर डाग पडतो आणि तो नंतरच दिसतो. रेशमावर तर अजिबात नको. केकमध्ये घालायचं व्हॅनिला इसेन्स अंगाला लावायचा प्रकारही मुली करतात. ते खाण्यासाठी आहे, त्यातल्या रंगाने कपडे खराब होतात आणि वासही टिकत नाही.

फवाऱ्याचं परफ्यूम पेट घेतं. बखूरचा कोळसा, लोबान, गॅस यांच्या जवळ फवारू नका. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका, कपाटात खोक्यासकट ठेवा.

थोडा वेळ गेला की आपलंच नाक आपल्या वासाला सरावतं. आपल्याला येत नाही म्हणून आपण पुन्हा फवारतो, आणि शेजारी बसलेल्या दमेकरी खालाजानला खोकला सुरू होतो. बंद एसी हॉलमध्ये शंभर बायका, प्रत्येकीचे दहा फवारे, आणि मांडीवर तान्ही मुलं. तेव्हा चार फवाऱ्यांवर थांबा. तान्ह्या बाळाच्या अंगावर तर काहीच लावू नका, अकीक्याच्या दिवशीही नाही.

सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय

शेवटी एक युक्ती. मोगऱ्याचा ताजा गजरा घ्या आणि मनगटावर साध्या व्हॅनिला अत्तराचं एक बोट लावा. फुलं खरी, व्हॅनिला टिकणारा, आणि दोन्ही मिळून खर्च परफ्यूमच्या झाकणाएवढाही नाही. गजरा संध्याकाळी उमलत जातो, रात्री तो कोमेजला तरी व्हॅनिला मनगटावर असतो. गजरा मिळत नसेल त्या दिवसांत मोगऱ्याचं आणि व्हॅनिलाचं अशी दोन छोटी रोल-ऑन घ्या. आधी व्हॅनिला लावा, पाच मिनिटं थांबा, मग त्यावर थोडा मोगरा. प्रमाण आपल्या आवडीने ठरवता येतं.

बाजारात जायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: वर्षातून किती वेळा वापरणार, किती रुपये खर्च करणार, आणि घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का. मग खोका उलटा करून नाव-पत्ता वाचा, बिल घ्या. एवढं केलं तर दीडशे रुपयांची बाटलीही मुलीला बिनधास्त देता येईल.